पळणाऱ्याची कंबर अचानक धरली तर खरंच महिनाभर झोपून राहावं का?

तुम्ही लिहिलंय की रोज पळता, परवा पहाटे बुटाची नाडी बांधायला वाकलात आणि अशी कळ आली की सरळ होता येईना. डॉक्टरांनी महिनाभर झोपून राहायला सांगितलं, घरचे म्हणतात पळणं कायमचं बंद कर, आणि सातारा हिल हाफ मॅरेथॉनला सहा आठवडे उरलेत. त्यातलं ‘कायमचं बंद कर’ वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले.

महिनाभर झोपू नका. पहिले एक-दोन दिवस दुखणंच पाडेल तेवढं पडा. बाकी वेळ उठा, घरातल्या घरात चाला, थोडं थोडं. हे मी मनाचं सांगत नाही. फिनलंडमध्ये हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांवर केलेला एक अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. कंबर धरलेल्या माणसांचे तीन गट केले. एका गटाला दोन दिवस सक्त विश्रांती, दुसऱ्याला पाठीचे व्यायाम, आणि तिसऱ्याला सांगितलं की सोसेल तेवढी रोजची कामं करत राहा. तिसरा गट सगळ्यांत लवकर बरा झाला. तिथे झोपवलं होतं फक्त दोन दिवस, आणि तरी ती माणसं मागे राहिली! एवढी वर्षं झाली तरी आपल्याकडे अजून ‘महिनाभर फळीवर झोपा’ सांगतात याचा मला मनापासून राग येतो. पळणाऱ्या माणसाचं महिनाभरात काय होतं ते सांगणाऱ्याला माहीत नसतं. पाय जातात, दम जातो, झोप जाते, आणि कंबर आहे तिथेच राहते.

माझी कंबर धरली ती गौरी-गणपतीच्या तोंडावर. आमच्याकडे उभ्या गौरी. मुखवटे आणि लोखंडी स्टँड एका जुन्या ट्रंकेत, ती ट्रंक दिवाणाखाली. ऑफिसात ऑडिट चाललेलं, त्यामुळे आठवडाभर सकाळपासून रात्रीपर्यंत खुर्चीत होते, पळायला एकदाही गेले नव्हते. हे नीट लक्षात ठेवा, पुढे याचं काम आहे. त्या दिवशी उठल्या उठल्या, चहाही न घेता, म्हटलं आधी ट्रंक काढून ठेवू. वाकले, कडी धरून ओढली. ट्रंक वीतभर सरकली आणि कंबरेत आतून कोणीतरी चिमट्यात धरून पिळावं तसं झालं. तशीच गुडघ्यांवर आले, मग कुशीवर. गाल फरशीला टेकलेला. समोर दिवाणाखालची गुंडाळलेली चटई, धूळ, आणि ट्रंकेच्या कडीत अडकलेलं माझ्या ओढणीचं टोक. ते सोडवायला हात पुढे करायचा, तर कंबर हात हलू देईना. श्वास जरा खोल घेतला तरी कळ.

सासूबाई म्हणाल्या, ‘उसण भरली. पायाळू बघा कोणी.’ गल्लीत एक मुलगा पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेला आहे, त्याला शाळेत निघताना अडवून आणलं. त्या पोरानं लाजत लाजत माझ्या कंबरेला पाय लावला आणि पळाला. दुखणं तसूभर हललं नाही, पण सासूबाईंचा जीव थाऱ्यावर आला. मग निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून त्यांनी जो शेक दिला, त्याने मात्र खरंच बरं वाटलं. शेकाने मणक्यांमधली गादी जागेवर येत नाही, आवळलेला स्नायू सैल पडतो. तेवढं सैल पडलं तरी माणूस उठून दोन पावलं टाकतो, आणि सुरुवातीला तेवढंच पाहिजे असतं. हाडवैद्याकडे जाऊन कंबर पिळून घेण्याच्या फंदात मात्र पडू नका. माझ्या नवऱ्याचे मित्र तशा एकाचं नाव घेऊन आले होते, मी साफ नाही म्हटलं.

इथल्या एका डॉक्टरांनी आधी एमआरआय काढून आणायला लावला. फिल्म उजेडावर धरली आणि म्हणाले, चौथ्या-पाचव्या मणक्यात गॅप आलाय, गादी सरकलीय, पळणं विसरा. मला टेबलावर झोपवलं नाही, पाय उचलून पाहिला नाही, कुठे दुखतं तिथे बोट लावलं नाही. फिल्म बघितली आणि माझं पळणं काढून घेतलं. आता हे ऐका. ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा तीन हजारांहून जास्त माणसांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली एक आढावा छापला गेला. त्यात चाळिशीतल्या ६८ टक्के माणसांच्या गाद्या झिजलेल्या निघाल्या आणि ५० टक्क्यांच्या बाहेर फुगलेल्या. विशीतसुद्धा ३७ टक्क्यांची झीज. ही सगळी न दुखणारी माणसं! म्हणजे चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांना त्या यंत्रात घातलं तर काही ना काही दिसणारच. दिसलं म्हणजे दुखण्याचं कारण तेच, असं होत नाही.

मग फिजिओकडे गेले. तरुण मुलगी, पण तपासणं कसं असतं ते तिने दाखवलं. आधी चवड्यांवर चालायला लावलं, मग टाचांवर. पायाचा अंगठा वर ओढायला सांगून स्वतः बोटाने खाली दाबला आणि दोन्ही पायांची ताकद ताडून पाहिली. उताणं झोपवून एकेक पाय सरळ ठेवून उचलला, किती वर गेल्यावर कळ मांडीमागून खाली उतरते ते पाहिलं. गुडघ्यावर, घोट्यामागे हातोडी मारली. पावलावर कापसाचा बोळा फिरवून दोन्हीकडे सारखं कळतं का ते विचारलं. एवढं झाल्यावर म्हणाली, ‘ताई, नस शाबूत आहे, ताकद शाबूत आहे. उद्यापासून चालायचं.’ कंबरेचा पट्टा लावू का विचारलं तर म्हणाली, फारच लागला तर प्रवासात, दिवसभर नको.

तिने आणखी एक गोष्ट विचारली जी कोणीच विचारली नव्हती: किती वाजता झालं? मणक्यांमधल्या गाद्या रात्रभर पाणी शोषून फुगतात. उठल्यावर पहिल्या तास-दोन तासांत त्या ताठ असतात, तेव्हा वाकलं की त्यांच्यावर ताण जास्त येतो. १९९८ साली यावर अमेरिकेत प्रयोगही झाला: उठल्यावर पहिले दोन तास कंबरेतून वाकणं टाळलेल्या माणसांचं दुखणं कमी झालं. तुम्हीही पहाटेच वाकलात ना, बूट बांधायला? मग बूट बांधताना पाय स्टुलावर घ्या, नाहीतर पायरीवर बसून पाऊल मांडीवर घ्या. बादली, सिलिंडर, खालचा खण, सगळं उन्हं वर आल्यावर.

आता भाऊजींचं. माझे थोरले दीर. गौरीजेवणाला सगळे बसलेले, मी भिंतीला टेकून उभी, कारण बसता येत नव्हतं. आणि ते माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याला म्हणाले, ‘हिला आता तरी सांग, पळणं पुरे झालं म्हणून. बायकांच्या शरीराला हे झेपत नाही.’ पंक्तीत कोणी काही बोललं नाही. सण होता, मीही गप्प बसले. इतकी वर्षं उत्तर मनात आहे, ते इथे देते.

आठवडाभर मी पळले नव्हते. खुर्चीत बसले होते. कंबर गेली ती ट्रंक ओढताना, आणि ती ट्रंक घरातल्या सणासाठी ओढत होते. यात पळण्याचा गुन्हा काय? भाऊजी स्वतः दुकानाच्या गादीवर दिवसभर बसतात, जन्मात पळलेले नाहीत, आणि वर्षातून एकदा तरी त्यांची कंबर धरतेच. तेव्हा त्यांना कोणी म्हणत नाही की दुकान बंद करा. ऑस्ट्रेलियातल्या डीकिन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली निदान पाच वर्षं पळणाऱ्यांचे मणके आणि न पळणाऱ्यांचे मणके एमआरआयवर ताडून पाहिले. आठवड्याला २० ते ४० किलोमीटर पळणारे एका गटात, ५० च्या वर पळणारे दुसऱ्या गटात. दोन्ही गटांच्या गाद्यांत पाणी जास्त होतं, आणि लांब पळणाऱ्यांच्या गाद्या जाडही होत्या. गादीला वापर लागतो, हाडाला आणि स्नायूला लागतो तसाच. पळताना ‘मणके झिजतात’ म्हणणाऱ्यांनी हे एकदा बघावं. आणि बायकांच्या शरीराबद्दल बोलायचं तर सप्टेंबरात आपल्या शर्यतीच्या वेळी यवतेश्वर घाटात येऊन उभं राहावं, किती बायका चढून जातात ते मोजावं.

हां, यात एक आहे. या अभ्यासावरून दुखरी कंबर पळून बरी होते असं कोणी समजू नका, त्यात तसं काही तपासलेलं नव्हतं. आधी चालणं. गोलबागेपर्यंत जाऊन यायचं, एवढ्यावर मी कितीतरी दिवस होते. अर्धा तास झपझप चालून दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढत नाही असं झालं, की सपाट रस्त्यावर मिनिटभर पळा, दोन मिनिटं चाला. कळ कंबरेतून ढुंगणात, मांडीत, पोटरीत उतरत चालली तर त्याच जागी थांबा. उलट ती पायातून वर येऊन कंबरेत गोळा होत असेल तर कंबरेत जास्त दुखलं तरी घाबरू नका, ते सुधारण्याचं लक्षण असतं. व्यायामात कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातले निवृत्त प्राध्यापक स्टुअर्ट मॅकगिल सांगतात ते तीन करा: डोकं-खांदे जरासे उचलणं, कुशीवरचा प्लँक, आणि रांगत्या स्थितीत उजवा हात-डावा पाय, मग डावा हात-उजवा पाय. फिजिओसमोर एकदा करून घ्या. पायाचे अंगठे धरायचे ताण आणि सूर्यनमस्कार सध्या राहू द्यात, विशेषतः पहाटेचे. माझ्या योगाच्या बाईंना हे पटत नाही, पण मी माझ्या मतावर ठाम आहे.

दुखण्याची गोळी घेऊन लांब पळू नका. घामाने अंगातलं पाणी उतरलेलं असताना आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देतात, आणि कुठे थांबायचं ते सांगणारी कळही झाकली जाते.

हे सगळं साध्या उसणीचं झालं. पुढच्यापैकी एक जरी असेल तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा आणि थेट हॉस्पिटल गाठा, रात्र असली तरी: लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मध्ये बसायच्या जागेला बधिरपणा आला, दोन्ही पायांतली ताकद जाऊ लागली. तिथे तासांचा हिशेब असतो, उशीर झाला तर कायमचं नुकसान होतं. एका पायाचा पंजा उचलेना, चप्पल घासटू लागली, तरी त्याच दिवशी दाखवा. दुखण्याबरोबर ताप असेल, वजन कारण नसताना उतरत असेल, पूर्वी कॅन्सर झालेला असेल, किंवा पडून-आपटून हे झालं असेल, तर फिजिओच्या आधी डॉक्टर. आणि एमआरआय लागतो तो अशाच वेळी. मी डॉक्टरांच्या विरोधात नाही, हात न लावता निकाल देण्याच्या विरोधात आहे.

शर्यतीचं म्हणाल तर, अचानक धरलेली कंबर बहुतेकांची सहा आठवड्यांच्या आत सुटते, पण सुटणं वेगळं आणि २१ किलोमीटर पळणं वेगळं. आपली शर्यत चढाची आहे असं सगळे घोकतात. दुखऱ्या कंबरेला चढ सोसतो, परतीचा उतार सोसत नाही. खाली येताना प्रत्येक पाऊल आपटतं आणि ते थेट कंबरेत पोचतं. त्या वर्षी मी नंबर घेऊन ठेवला होता, तरी पळले नाही. समर्थ मंदिराजवळ उभी राहून टाळ्या वाजवल्या. भाऊजींना तो स्वतःचा विजय वाटला, वाटू दे. पुढच्या वर्षी पळले, आणि तेव्हापासून पळतेच आहे. तुम्ही चौथ्या आठवड्यापर्यंत सपाटीवर सलग तासभर सहज पळू शकला नाहीत, तर या वर्षी सोडा.

आणि फिजिओकडे एकटे जाऊ नका. घरात जो सगळ्यात जोरात ‘बंद कर’ म्हणतो त्याला बरोबर न्या आणि तपासणी होईस्तोवर शेजारी उभं करा. माझ्या नवऱ्याने ते टाचांवर चालणं, अंगठ्याची ताकद, सगळं स्वतः पाहिलं. त्यानंतर भाऊजी कधीही ‘हिला सांग’ म्हणाले की तो म्हणतो, ‘दादा, ती समोर बसलीय, तिलाच सांग.’ अजून त्यांनी मला सांगितलेलं नाही.