रात्र वाटून घ्या

प्रश्न : सासूबाईंना कॅन्सर आहे. केमो बंद करून डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मिस्टरांची बुटीबोरीला शिफ्ट असते. मला रात्रीची सलग झोप नाही, पाठ धरली आहे. पुण्याची नणंद रोज फोनवर विचारते, "आईनं आज काय खाल्लं?" त्या तर तोंडच उघडत नाहीत. परवा मनात आलं, आता सुटल्या तर बरं. तेव्हापासून स्वतःचीच लाज वाटते.
— एक सून, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, मी नर्स आहे, अशा पेशंटच्या घरी जाते. स्वयंपाकघरात बाजूला नेऊन कितीतरी बायका मला हेच हळूच सांगतात. पेशंटचे हाल बघवत नाहीत म्हणून ते मनात येतं. त्यात पाप नाही. फारच भरून आलं तर १४४१६ लावा. टेली मानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोनसेवा आहे, फुकट, रात्रीसुद्धा.

आता झोप. सुटीच्या आदल्या रात्रीची पाळी मिस्टरांना द्या आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत दार लावून झोपा. औषधांच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावा, म्हणजे त्यांना तुम्हाला उठवावं लागणार नाही. मॉर्फिन चालू असेल तर दुखायची वाट बघू नका, डॉक्टरांनी ठरवलेल्या वेळेलाच द्या. त्यानं पोट घट्ट होतं. सोबत पोट साफ व्हायचं औषध आहे ना, ते विचारून घ्या. याच्याकडे घरोघरी दुर्लक्ष होतं आणि पेशंट रात्रभर तळमळतो, सोबत तुम्हीही.

सासूबाईंना वर सरकवताना काखेत हात घालून ओढू नका. चादर दुमडून खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाखाली घाला, दोघांनी दोन्हीकडून कडा गुंडाळून धरा, गुडघे वाकवा आणि एकदमच सरकवा. एकटीनं नाहीच. "काही लागलं तर सांगा" म्हणणाऱ्या शेजारच्या काकूंना खरंच हाक मारा.

खाण्याचं तुमच्याकडून काही चुकत नाहीये. या टप्प्यावर भूक जातेच. बळेच भरवलं तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. ओल्या कापसानं ओठ पुसा, मागितलं तर चमचाभर द्या. नणंदेला हे डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवा. आणि तिला आठवडाभर राहायला बोलवा. लेकीच्या हातानं कापूस फिरला तर आईलाही बरं वाटेल, आणि तुम्हाला माहेरी जाऊन येता येईल.