घर एकाचे, बिऱ्हाड दुसऱ्याचे : मुंबईच्या जुन्या वास्तूंविषयी वाचकांचे प्रश्न

मुंबईतील जुन्या इमारती आणि तेथे राहून गेलेली नामांकित माणसे यांविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पुण्यातल्या वाड्याला बहुधा धन्याचे नाव असते आणि धनी तेथेच नांदलेला असतो. मुंबईत मात्र ज्यांच्या नावाचे रस्ते आणि चौक आहेत, त्यांपैकी कितीतरी जण दुसऱ्याच्या घरात भाडेकरू म्हणून, पाहुणे म्हणून किंवा एखाद्या लॉजच्या खोलीत राहिले. त्यामुळे या शहरात ‘हे घर कोणाचे’ असे विचारण्यापेक्षा ‘कोण, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत आणि कोणत्या खोलीत’ असे विचारणे अधिक फलदायी ठरते.

प्रश्न : लोकमान्य टिळकांचे निधन मुंबईत ‘सरदारगृहा’त झाले, असे आम्ही शाळेत शिकलो. हे सरदारगृह म्हणजे एखाद्या सरदाराचा वाडा होता काय? पुण्यात स्वतःचा वाडा असताना टिळक तेथे का राहत? (वाचक, ठाणे)

उत्तर : सरदारगृह हा वाडा नव्हता. क्रॉफर्ड मार्केटजवळ, पोलीस आयुक्तालयासमोर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेले ते राहण्या-जेवण्याचे ठिकाण होते. त्या काळी बाहेरगावच्या पांढरपेशा मराठी माणसाला मुंबईत मुक्काम करायचा झाला, तर नातेवाइकांच्या आधीच भरलेल्या बिऱ्हाडात पथारी टाकणे किंवा अशा एखाद्या घरगुती वळणाच्या लॉजमध्ये उतरणे एवढेच मार्ग होते. टिळकांना कोर्टकचेऱ्या, सभा आणि मुंबईतील कार्यकर्त्यांच्या भेटी यांसाठी वरचेवर यावे लागे. १९०५ मध्ये त्यांनी बडोद्याच्या गायकवाडांकडून घेतलेला नारायण पेठेतील वाडा हे त्यांचे घर आणि ‘केसरी’चे ठाणे, तर सरदारगृह हा त्यांचा मुंबईतील ठरलेला मुक्काम होता.

या इमारतीचे महत्त्व केवळ निधनामुळे आहे, असे मानणे मात्र अपुरे आहे. २४ जून १९०८ रोजी राजद्रोहाच्या आरोपावरून टिळकांना अटक झाली ती याच सरदारगृहात. त्यानंतर उच्च न्यायालयात खटला चालला, २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा सुनावली गेली आणि त्यांना मंडालेला नेण्यात आले. बारा वर्षांनी, १९२० च्या जुलैत, ते पुन्हा मुंबईत असताना त्यांना ताप भरला, दुखणे वाढत गेले आणि १ ऑगस्टला मध्यरात्र उलटल्यावर थोड्याच वेळात त्यांचे निधन झाले. दिवसभर लोटलेल्या गर्दीतून वाट काढीत अंत्ययात्रा गिरगाव चौपाटीवर गेली आणि नेहमीच्या स्मशानात न नेता तेथेच समुद्रकाठी अग्निसंस्कार झाले. चौपाटीवरचा पुतळा आज सगळ्यांना ठाऊक आहे, परंतु क्रॉफर्ड मार्केटातून भाजी-फळे घेऊन निघालेल्या शंभर मुंबईकरांपैकी किती जणांना सरदारगृह बोट दाखवून सांगता येईल, याविषयी आम्हाला शंका आहे.

प्रश्न : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मुंबईतील घर म्हणून दादरचे ‘राजगृह’ दाखवले जाते. माझे आजोबा मात्र ‘खरे घर परळला’ असे म्हणत. यांतले बरोबर काय? (वाचक, कल्याण)

उत्तर : दोन्ही बरोबर आहेत, फक्त काळ वेगळा आहे, आणि आपल्या आजोबांच्या बोलण्यात तथ्य अधिक आहे, असे आमचे मत आहे.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. मांडवीतील दाट वस्तीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ती प्रथम ओळखली. कोंदट गल्ल्या आणि हवा-उजेड नसलेल्या खोल्या हे साथ पसरण्याचे मोठे कारण आहे, असे सरकारला वाटल्याने १८९८ मध्ये ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. या ट्रस्टने रुंद रस्ते काढले, जुन्या वस्त्या पाडल्या आणि कामगारवर्गासाठी चाळी बांधल्या. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्या ‘बीआयटी चाळी’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. परळच्या पोयबावडीतील बीआयटी चाळ क्रमांक १ ही त्यांपैकीच एक होय. तिच्या दुसऱ्या मजल्यावरील ५० आणि ५१ क्रमांकांच्या खोल्यांत आंबेडकर कुटुंब १९१२ पासून १९३४ पर्यंत राहिले. त्यापूर्वी हे कुटुंब परळच्याच डबक चाळीत एका खोलीत राहत होते, त्यामुळे दोन खोल्या मिळणे ही त्या वेळी मोठीच सोय होती. एका खोलीत संसार आणि दुसरीत बाबासाहेबांचे वाचन-लेखन, अशी वाटणी झाली.

या बावीस वर्षांत बाबासाहेब सलग तेथे नव्हते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले, तेथून लंडनला गेले आणि १९१७ मध्ये परतले. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन आले. ते परदेशी असताना या खोल्यांतला संसार रमाबाईंनी ओढला, तोही पैशांच्या सततच्या ओढाताणीत. स्मृतिफलकावर एकाच माणसाचे नाव येते, म्हणून हे मुद्दाम लिहावेसे वाटले. ‘मूकनायक’चा पहिला अंक ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला तेव्हा बाबासाहेबांचे बिऱ्हाड याच चाळीत होते. १९२७ चा महाडचा सत्याग्रह, १९३० मध्ये सुरू झालेला नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह, गोलमेज परिषदा आणि १९३२ चा पुणे करार या साऱ्या घडामोडींच्या काळात त्यांचा घरचा पत्ता हाच होता. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे कामकाज जेथून चाले, ते दामोदर हॉलही परळमध्येच. सामाईक नळ आणि सामाईक शौचालये असलेल्या चाळीत राहणारा माणूस ब्रिटिश पंतप्रधानांसमोर बसून मतदारसंघांचा वाद घालत होता आणि परतल्यावर त्याच जिन्याने वर चढत होता, ही गोष्ट परळच्या जुन्या रहिवाशांना विशेष वाटली नसेल. आज ती विशेष वाटते.

राजगृह हे मात्र बाबासाहेबांनी स्वतः बांधवून घेतलेले घर आहे. दादरच्या हिंदू कॉलनीतील ही वास्तू उभारताना पुस्तकांसाठी भरपूर जागा असावी, हा त्यांचा मुख्य हेतू होता आणि नावही त्यांनी प्राचीन मगधाच्या राजधानीवरून घेतले. रमाबाईंना मात्र तेथे फार थोडे दिवस लाभले. २७ मे १९३५ रोजी त्यांचे निधन झाले. ग्रंथांमागे वेड्या झालेल्या विद्वानाचे घर पाहायचे असेल तर राजगृह पाहावे आणि त्याआधीची घडण समजून घ्यायची असेल तर परळला जावे. परळच्या इमारतीत कुटुंबे राहत आली आहेत, तेव्हा ते संग्रहालय आहे अशा थाटात दारांत डोकावू नये.

प्रश्न : जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारातील जुना बंगला हे रुडयार्ड किपलिंग यांचे जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. ते खरे आहे का? (वाचक, बोरिवली)

उत्तर : जागा खरी, घर नव्हे. किपलिंग यांचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील लॉकवुड किपलिंग त्याच वर्षी जे. जे. मध्ये वास्तुशिल्पाचे अध्यापक म्हणून रुजू झाले होते आणि कुटुंब आवारातील घरात राहत होते. परंतु आज हिरव्या रंगाचा, लाकडी कामाचा जो बंगला आपण पाहतो, तो नंतर बांधलेला आहे. मूळ घर पाडले गेले. खुद्द जे. जे. ची प्रसिद्ध दगडी इमारतही १८७८ ची आहे, म्हणजे किपलिंग यांच्या जन्मानंतर तेरा वर्षांनी पूर्ण झालेली. दारावरच्या फलकात मात्र ‘येथे जन्म झाला’ असे सरळ म्हटले आहे आणि ‘येथे’ याचा अर्थ या भूखंडावर असा घेतला तर ते खोटे ठरत नाही. ही पळवाट फलक लिहिणाऱ्यांच्या फार कामी येते.

किपलिंग यांच्याशी संबंध नसता तरी तो बंगला जपण्याजोगा आहे, कारण कलाशाळेच्या प्रमुखांचे निवासस्थान म्हणून त्याचा स्वतःचा इतिहास आहे. एखाद्या वास्तूला किंमत यावी म्हणून तिला मोठ्या माणसाचे नाव चिकटवण्याची आपली सवय जुनी आहे.

प्रश्न : वॉटसन हॉटेलमध्ये प्रवेश नाकारला गेल्यामुळे जमशेटजी टाटांनी ताजमहाल हॉटेल बांधले, ही कथा कितपत विश्वसनीय आहे? (वाचक, नागपूर)

उत्तर : कथा लोकप्रिय आहे, परंतु तिला समकालीन पुरावा नाही. प्लेगने मुंबईची पत घसरली असताना शहराला जागतिक दर्जाचे हॉटेल हवे, या विचाराने टाटा या उद्योगात उतरले असावेत, हे अधिक संभवनीय दिसते. ताज १९०३ च्या डिसेंबरात उघडले आणि पुढच्याच वर्षी जमशेटजी वारले.

गंमत अशी की, वॉटसनच्या खऱ्या गोष्टी या दंतकथेपेक्षा सरस आहेत. काळा घोड्याजवळ असलेल्या या इमारतीचा ओतीव लोखंडाचा संपूर्ण सांगाडा इंग्लंडात तयार होऊन, सुटे भाग जहाजाने आणून येथे जोडण्यात आला आणि १८७१ मध्ये हॉटेल सुरू झाले. मार्क ट्वेन १८९६ मध्ये येथे उतरले आणि खिडकीपाशी कलकलाट करणाऱ्या मुंबईच्या कावळ्यांवर त्यांनी मनसोक्त लिहिले. त्याच वर्षी ७ जुलैला ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ येथेच, एक रुपया तिकिटाने झाला. त्यानंतर तीनच वर्षांनी हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. हॉटेल बंद पडल्यावर खोल्यांचे तुकडे पडून वकिलांची कार्यालये आणि दुकाने आली, इमारतीचे नाव एस्प्लनेड मॅन्शन झाले आणि पुढे ती धोकादायक ठरवून २०१९ मध्ये रिकामी करण्यात आली.

प्रश्न : ‘राजा हरिश्चंद्र’ जेथे दाखवला गेला ते कॉरोनेशन चित्रपटगृह कोठे होते? (वाचक, नाशिक)

उत्तर : गिरगावात, सँडहर्स्ट रोडवर, म्हणजे आजच्या सरदार वल्लभभाई पटेल मार्गावर. ३ मे १९१३ रोजी तेथे चित्रपट लोकांसाठी खुला झाला. ते चित्रपटगृह आता उरलेले नाही. दादासाहेब फाळके यांनी चित्रपटाचे काम केले ते दादर मेन रोडवरील ‘मथुरा भवन’ येथे. त्या रस्त्यालाच पुढे फाळके यांचे नाव मिळाले.

प्रश्न : गिरगावातील आमची चाळ पुनर्विकासाला जाणार आहे. एक नाटककार आमच्याच मजल्यावर राहत होते, असे जुनी मंडळी सांगतात. नव्या इमारतीत फलक लावावा अशी रहिवाशांची इच्छा आहे, परंतु विकासक पुरावा मागतो. तो कोठे मिळेल? (वाचक, गिरगाव)

उत्तर : विकासकाची मागणी रास्त आहे आणि पुरावा बहुधा आपल्या चाळीतच सापडेल. सर्वांत भरवशाचा कागद म्हणजे भाडेपावती. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे आणि पागडीमुळे गिरगावातील खोल्या पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्याकडे राहिल्या, त्यामुळे जुन्या पावत्यांचे गठ्ठे ट्रंकेच्या तळाशी अजूनही निघतात. पावतीवर भाडेकरूचे नाव, खोली क्रमांक आणि महिना हे तिन्ही असतात. आपल्याला नेमके तेच हवे आहे. घरमालकाकडे भाडेवसुलीची वही असेल तर तीही पाहावी.

ती सोय नसेल तर नाटककारांच्या मुलांचे शाळेतील जनरल रजिस्टर, जुन्या मतदार याद्या आणि त्यांच्या पत्रव्यवहारातील पत्ते तपासावेत. त्यांनी एखादे नियतकालिक चालवले असेल किंवा पुस्तक स्वतः छापले असेल, तर मुद्रक-प्रकाशकाचा पत्ता छापणे १८६७ च्या कायद्याने बंधनकारक होते, तेव्हा शेवटच्या पानावर तळाशी असलेली बारीक ओळ वाचण्यास विसरू नये. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जुनी नियतकालिके पाहता येतील, तर सरकारी दफ्तरासाठी काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील पुराभिलेखागारात चौकशी करावी. पत्ते जुळवताना रस्त्यांची जुनी नावे सोबत ठेवावीत. गिरगाव बॅक रोड म्हणजे आजचा विठ्ठलभाई पटेल मार्ग, हे ठाऊक नसेल तर योग्य कागद हाती येऊनही निसटतो. नगर भूमापन कार्यालयातील मालमत्ता पत्रकातून इमारतीचा मालक कळतो, भाडेकरू कळत नाही, म्हणून तेथून सुरुवात करून दिवस घालवू नयेत.

वृद्ध रहिवाशांच्या आठवणी मात्र आताच, चाळ रिकामी होण्यापूर्वी, तारीख घालून लिहून घ्याव्यात आणि त्यांच्याकडून खोलीकडे बोट दाखवून घेतलेले छायाचित्र सोबत ठेवावे. मुंबईच्या वारसा नियमावलीत, जी १९९५ पासून लागू आहे, आपली चाळ समाविष्ट आहे का, हेही महापालिकेकडे विचारावे. समाविष्ट असल्यास पाडकामाचा प्रश्नच वेगळ्या वाटेने जाईल. समाविष्ट नसल्यास फलकाची अट पुनर्विकासाच्या करारनाम्यात लिहून घ्यावी, कारण तोंडी आश्वासन प्रवेशद्वाराच्या संगमरवरापर्यंत पोचत नाही. फलकाचा मजकूर आम्ही असा सुचवतो : ‘या भूखंडावरील पूर्वीच्या चाळीत, अमुक क्रमांकाच्या खोलीत, अमुक साल ते अमुक साल या काळात नाटककार अमुक यांचे वास्तव्य होते.’ साल निश्चित झाले नाही तर ते गाळावे, अंदाजाने घालू नये.