पावसाळ्यात पणजीहून मुलांना इनडोअर गो-कार्टिंग आणि व्हीआरला (डोळ्यांवर हेडसेट लावून खेळायचे आभासी खेळ) न्यायचंय, काय काळजी घ्यावी?

उंचीची अट आधी फोनवर विचारा, ती जागेगणिक बदलते. पावसात सगळे फ्लोटर घालून येतात आणि तिथेच अडतात. कार्टला पुढून बंद बूट हवेत. केस बांधा, ओढणी काढाच, मागच्या ॲक्सलमध्ये (चाकांना जोडणाऱ्या फिरत्या दांड्यात) गुंतली तर फास बसतो. डावा पाय ब्रेकवर, उजवा ॲक्सिलरेटरवर, दोन्ही एकदम दाबायचे नाहीत. ब्रेक वळणाआधी, सरळ रेषेत मारा. बहुतेक कार्टना तो मागच्याच चाकांना असतो, त्यामुळे ऐन वळणात दाबलात तर गाडी गिरकी घेते.

व्हीआर भरपेट जेवून नको. चित्र पुसट दिसलं तर हेडसेट वर-खाली सरकवा, मग भिंगांमधलं अंतर जुळवा. सुरुवात एका जागी उभं राहून खेळायच्या गेमने करा, रोलरकोस्टर शेवटी. मळमळलं की लगेच काढा. ताणलं तर वाढतंच.