सुईदोऱ्याने शिवून कापड रंगवण्याचे शिबोरी तंत्र घरच्या घरी शिकता येईल का?

आपण विचारले आहे की शिवणकाम येते, पण रंगकाम कधीच केलेले नाही, अशा व्यक्तीला शिवून केली जाणारी शिबोरी (कापडाचे काही भाग घट्ट आवळून रंगापासून वाचवण्याची जपानी पद्धत) वर्गाला न जाता शिकता येईल का, सुरुवात कोणत्या नक्षीपासून करावी आणि रंग कोणता घ्यावा. शिकता येईल, हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर. मात्र बाजारात मिळणाऱ्या तयार संचाने सुरुवात करू नये, असे माझे मत आहे. त्यात बहुधा रबरबँड आणि लाकडी ठोकळे असतात, सुई नसतेच, आणि आपल्याला तर सुईचेच काम शिकायचे आहे.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. कापडावर टाके घातले म्हणून रंग अडत नाही. शिवून झाल्यावर दोरा ओढला की कापडाच्या बारीक चुण्या पडून त्या एकमेकींवर दाबल्या जातात, आणि त्या दाबामुळे आतल्या भागापर्यंत रंग पोहोचत नाही. गोधडी शिवणाऱ्या हाताला धावदोरा उत्तम येतो, पण गोधडीत कापड सपाट राहावे म्हणून दोरा सैल ठेवतात, तर येथे नेमके उलटे करायचे असते. नवशिक्यांच्या बहुतेक नमुन्यांवर नक्षीऐवजी फिकट ढग उमटतात, त्याचे कारण टाके वाकडे असणे हे नसून दोरा पुरेसा ओढलेला नसणे हे असते.

सुरुवात मोकुमे या नक्षीपासून करावी. लाकडाच्या रेषांसारख्या दिसणाऱ्या या नक्षीत समांतर धावदोऱ्याखेरीज काहीही नसते. साधारण 30 सेंटिमीटर लांबीरुंदीचा मलमलीचा किंवा केम्ब्रिकचा सुती तुकडा घ्यावा. तो धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घातलेल्या गरम पाण्यात उकळून त्यातली खळ पूर्ण काढावी, कारण खळ राहिली तर रंग डागाडागांनी बसतो. वाळल्यावर एकेक सेंटिमीटर अंतराने पाण्याने पुसल्या जाणाऱ्या पेनने रेषा आखाव्यात, आणि आखल्यानंतर इस्त्री फिरवू नये, कारण उष्णतेने अशी शाई पक्की होऊ शकते. जपानमध्ये या आखणीसाठी आओबाना नावाच्या फुलाचा निळा रस वापरण्याची जुनी पद्धत आहे, आणि तोही पाण्याने धुऊन निघतो.

दोरा पॉलिएस्टरचा, मजबूत आणि दुहेरी ओवलेला असावा. तो ओढताना तुटत नाही आणि सुती कापडाच्या मानाने रंग कमी धरतो, त्यामुळे पुढे उसवताना उठून दिसतो. प्रत्येक ओळीसाठी स्वतंत्र दोरा घ्यावा. सुरुवातीला मोठी गाठ मारावी आणि ओळ संपल्यावर सात-आठ सेंटिमीटर शेपूट मोकळे सोडावे. मलमल विरळ असल्याने गाठ तिच्यातून निसटू लागते, तेव्हा गाठीखाली कापडाची बारीकशी चिंधी ओवून घ्यावी. टाका साधारण पाच मिलिमीटरचा असावा, पण शेजारच्या दोन ओळींतले टाके एकासमोर एक येऊ देऊ नयेत. ते जुळले तर सरळ चुण्या पडतात आणि पट्टे उमटतात. मागेपुढे राहिले तरच लाकडाची तुटक, हलती रेषा मिळते. नेटक्या शिवणाची सवय असलेल्यांना हा मुद्दाम केलेला विस्कळीतपणा सर्वांत जड जातो, असा माझा अनुभव आहे.

सर्व ओळी शिवून होईपर्यंत एकही दोरा ओढू नये. नंतर प्रत्येक दोरा थोडाथोडा ओढत सगळ्या ओळींवरून एक फेरी करावी, कापड पाण्यात भिजवावे आणि दुसऱ्या फेरीत दोरे पूर्ण ताणून शेजारच्या दोन शेपटांची एकमेकांशी गाठ मारावी. ओले कापड अधिक दबते, शिवाय आतल्या चुण्यांत आधीच पाणी भरलेले असल्याने रंग आत ओढला जात नाही. बोटांना वळ उमटू लागले की हातमोजे घालावेत, पण दोरा सैल सोडू नये.

रंगाच्या बाबतीत माझी शिफारस नैसर्गिक निळीची (म्हणजे इंडिगोची, कपड्यांना घालायच्या निळीची नव्हे) आहे, आणि तिचे कारण हौसेचे नसून कामाचे आहे. निळीचे द्रावण हवेत येताच त्यातला विरघळलेला रंग पुन्हा अविद्राव्य होतो, त्यामुळे थोड्या थोड्या वेळाच्या बुडवण्यांत तो कापडाच्या बाहेरच्या भागावरच बसतो आणि नक्षीच्या कडा स्पष्ट राहतात. सोड्याने पक्के होणारे थंड पाण्याचे रिअॅक्टिव्ह रंग वापरायला सोपे असले, तरी कापड त्यांत तासभर ठेवावे लागते आणि तेवढ्या वेळात रंग चुण्यांमधून आत झिरपतो. घरगुती हौदासाठी, म्हणजे निळीचे द्रावण ठेवलेल्या भांड्यासाठी, फ्रेंच रंगतज्ज्ञ मिशेल गार्सिया यांच्या नावाने ओळखले जाणारे प्रमाण सोपे आहे: एक भाग नीळ, दोन भाग विझवलेला चुना आणि तीन भाग फ्रुक्टोज (फळांतली साखर). पाच लिटर गरम पाण्याला 10 ग्रॅम नीळ, 20 ग्रॅम चुना आणि 30 ग्रॅम फ्रुक्टोज घेतल्यास नमुन्यांपुरता निळा रंग मिळतो. पानाबरोबर खातात तो ओला चुना वापरू नये, कारण त्यातल्या पाण्यामुळे वजन चुकते. कोरडी भुकटी घ्यावी, आणि ती हाताळताना डोळे व नाक सांभाळावे.

हौद तयार झाला की पृष्ठभागावर तांब्याच्या रंगाची साय धरते आणि खालचे द्रावण पिवळसर तपकिरी, स्वच्छ दिसते. साय बाजूला सारून ओले कापड हळूच आत सोडावे, तळाच्या गाळाला लागू देऊ नये, आणि दोन-तीन मिनिटांनी बाहेर काढावे. बाहेर येताना ते पिवळसर हिरवे असते आणि पाहता पाहता कडांपासून निळे होत जाते. पूर्ण निळे झाल्यावरच पुन्हा बुडवावे. एका दीर्घ बुडवणीपेक्षा चार-पाच छोट्या बुडवण्यांनी रंग अधिक पक्का बसतो. शेवटी साध्या पाण्यात आणि मग थोडे व्हिनेगर घातलेल्या पाण्यात खळबळून चुना काढून टाकावा.

उसवण्याची घाई करू नये. कापड वाळू द्यावे, चुण्या बोटांनी फाकवून गाठ वर उचलावी आणि फक्त गाठ कापावी. या टप्प्यावर कापडाला पडलेली कात्रीची चीर कशानेही भरून निघत नाही.

मोकुमे हाताला बसल्यावर आणखी तीन तुकडे करावेत: एकात केवळ टाक्याची लांबी बदलावी, दुसऱ्यात केवळ ओळींमधले अंतर आणि तिसऱ्यात केवळ दोऱ्याचा ताण. प्रत्येकाच्या कोपऱ्यावर ही मापे न पुसणाऱ्या शाईने लिहून ठेवावीत. त्यानंतर ओरिनुई करावी, म्हणजे आखलेल्या रेषेवर कापड चिमटीत दुमडून घडीच्या अगदी जवळून दोन्ही थरांतून धावदोरा घालावा. मग कारामात्सु, ज्यात दुमडलेल्या घडीवर अर्धवर्तुळे शिवतात आणि कापड उलगडल्यावर पूर्ण वर्तुळे मिळतात. याच तत्त्वावर इंडोनेशियातील जावामध्ये त्रितिक आणि नायजेरियातील योरुबा लोकांत आदिरे अलाबेरे केले जाते, पण शिकण्यासाठी एकच परंपरा धरून चालणे बरे.

जपानमधील नागोया शहराचा आता भाग असलेल्या आरिमात्सु येथे 1608 पासून हे काम चालत आले आहे आणि तेथे सुमारे शंभर तंत्रे सांगितली जातात. त्या कारागिरांमध्ये एकाने आयुष्यभर एकच तंत्र करण्याची रीत आहे, हे लक्षात घेतले तर वर्षभर दोन-तीन टाक्यांवर रेंगाळणे मुळीच कमीपणाचे नाही. वर्गाला जायचेच असेल, तर हे नमुने तयार झाल्यावर ते बरोबर घेऊन जावे, म्हणजे शिकवणाऱ्याला आपला ताण कोठे कमी पडतो हे दाखवता येईल. नाव नोंदवण्यापूर्वी सुई प्रत्यक्ष किती वेळ हातात असणार आणि दोरे ओढण्याचे काम कोण करणार, हे विचारून घ्यावे. एका दिवसात स्टोल पूर्ण करून देणाऱ्या वर्गात शिवण जवळजवळ नसते, कारण एवढ्या कापडावर मोकुमे शिवायलाच कित्येक दिवस लागतात.