पक्षकार भेटीला येण्याआधी

रत्नागिरीत नवीन वकिलाकडे येणारा पक्षकार बहुधा मुंबईहून, दोन दिवसांची रजा टाकून, जमिनीचा वाद घेऊन येतो. फोनवरच गाव आणि सर्व्हे नंबर विचारून घे. महाभूलेखवर, म्हणजे राज्याच्या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावर, सातबारा उघडून सामाईक खातेदार किती, इतर हक्कांच्या रकान्यात कुळाचं नाव आहे का, हे सावकाश वाच. निम्मं प्रकरण तिथेच कळतं. मग ई-कोर्ट्सवर, म्हणजे न्यायालयांतल्या खटल्यांच्या संकेतस्थळावर, पक्षकाराचं नाव शोध. वर्ष टाकावंच लागतं, तेव्हा एकेक वर्ष मागे जा. एका वाडीत एकाच आडनावाची पंधरा घरं असतात, वडिलांचं नाव जुळल्याशिवाय काही गृहीत धरू नकोस. फेसबुकवर सगळ्यांना दिसतं तेवढंच बघ. खोट्या नावाने रिक्वेस्ट पाठवणं मला मुळीच मान्य नाही. आणि महाभूलेखचा विनास्वाक्षरी उतारा फक्त माहितीपुरता. दाव्याला डिजिटल स्वाक्षरीचाच जोड.