वाचक विचारतात : जुन्या गाडीचा फ्लोअर, गंज आणि वरचे थर

प्रश्न : माझ्याकडे १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. मॅटिंग उचललं तर ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा कुजलेला निघाला, स्क्रू-ड्रायव्हर आरपार गेला. डेंटर म्हणतो, ठिगळ मारून रेडऑक्साईड लावू आणि वरून डांबराचा जाड हात देऊ. मुलगा म्हणतो, इपॉक्सी लावा. कोणाचं ऐकू? माल किती लागेल?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : मुलाचं ऐका. पण इपॉक्सीचा (दोन भाग कालवून लावायच्या प्रायमरचा) डबा आणण्याआधी पाणी कुठून येतंय ते शोधा. फ्लोअर वरूनही कुजतो. एकाने टॉर्च घेऊन आत बसावं, दुसऱ्याने पुढच्या काचेवर आणि दरवाज्यांवर दहा मिनिटं नळी धरावी. काचेचं कडक झालेलं रबर आणि दरवाज्याच्या पॅडमागचा फाटलेला प्लास्टिक कागद हे नेहमीचे गुन्हेगार. ते तसेच राहिले तर खालचा कितीही महागडा थर वाया जाईल.

मग सीट, मॅटिंग आणि जुना नमदा बाहेर काढा. कारखान्यातून चिकटवून आलेलं डांबर उन्हाळ्यात खरवडायला जाऊ नका, ते च्युइंगमसारखं ताणतं. पौष-माघातल्या सकाळच्या गारठ्यात छिन्नीने ठोकलं की खडे उडावेत तसं निघतं. उरलेलं चिकट रॉकेलने पुसा आणि रॉकेलचा अंश थिनरने काढा. थिनरसाठी दर वेळी नवी चिंधी घ्या. त्याच चिंधीने पुन्हा पुसलं तर तेल नुसतं पसरतं.

कुजका पत्रा चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढा. कुजक्यावर नवा पत्रा रिव्हेटने ठोकला तर दोन्हींच्या मधे पाणी अडकतं आणि दोन पावसाळ्यांत नवाही जातो. १८ ते २० गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा घ्या. तो मिग वेल्डिंगने (बारीक तार वितळवून) थोडा-थोडा, जागा बदलत जोडून घ्या, गॅस वेल्डिंगने पत्रा वेडावाकडा होतो. जिथे पत्रा पत्र्यावर चढतो तिथे वेल्डिंगआधी झिंकचा वेल्ड-थ्रू प्रायमर (ज्याच्यावरून वेल्डिंग करता येतं तो) मारा, कारण नंतर तिथे ब्रश पोचत नाही. बॅटरीची तार सोडून ठेवा आणि पेट्रोलची नळी त्या जागेपासून दूर करा. यात हयगय नको.

आता थरांचा क्रम. उघडा, घासलेला पत्रा, त्यावर दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर दोन हात, मग सांध्यांत पॉलियुरेथेन सीम सीलर (सांधे बुजवायची लुगदी) आणि सगळ्यात शेवटी आवाज-उष्णतेचे मऊ थर. सीलर इपॉक्सीच्या वर लावायचा, खाली नाही. सीलरच्या जागी सिलिकॉन वापरू नका. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो त्या सिलिकॉनमधून सुकताना आम्ल सुटतं आणि पत्रा खातं. शिवाय त्यावर रंग बसत नाही.

रेडऑक्साईड वाईट नाही, पण एकट्या त्याच्यातून ओलावा झिरपतो. वर डांबराचा जाड हात दिला की खाली काय चाललंय ते दिसतच नाही. डांबर सुकून तडकलं की पाणी फटीतून आत शिरतं आणि तिथेच मुक्काम करतं. बाहेरून गाडी काळी कुळकुळीत, आतून पापड.

मालाचा हिशोब : पुढच्या पायफळीपासून मागच्या सीटपर्यंत, टनेल (मधला उंचवटा) धरून, साधारण तीन चौरस मीटर. आतून दोन आणि खालून दोन हात म्हणजे बारा चौरस मीटर. ब्रशने एका लिटरमध्ये प्रत्यक्षात सहा-सात चौरस मीटर होतात. हार्डनर (इपॉक्सी घट्ट करणारा दुसरा भाग) धरून दोन लिटर पुरेल. सीलरच्या दोन ट्यूब घ्या. हार्डनरचं प्रमाण डब्यावर जे लिहिलंय तेच घ्या, अंदाजाने दोन थेंब जास्त टाकून लवकर सुकत नाही. एका वेळी पावशेर-पावशेर कालवा, कारण तापमान दहा अंशांनी वाढलं की कालवलेला माल निम्म्या वेळात घट्ट होतो. दोन हातांमधली मुदतही डब्यावरच असते. ती टळली तर ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने खरडून मगच पुढचा हात.

फ्लोअरची गोल छिद्रं कायमची बुजवू नका. ती पाणी निघायला आहेत, त्यांत काढता येणारं रबरी बूच बसवा.

प्रश्न : अॅम्बेसेडरच्या डिकीतून केळीसाठी पोटॅशच्या गोण्या नेतो. डिकीचा तळ घासून प्रायमर लावला, तरी सहा महिन्यांत फोड आले. प्रायमर बनावट असेल का?
— एक वाचक, रावेर

उत्तर : प्रायमरवर आळ नको, चोर पोटॅशच आहे. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे क्लोराईडचं मीठ. पत्र्याच्या बारीक खड्ड्यांत ते उरलं की रंगातून ओलावा ओढून घेतं आणि रंगाखाली पाण्याचे फोड धरतात. पॉलिश पेपरने मीठ निघत नाही, पाण्याने निघतं. प्रायमर पूर्ण काढा. तारेच्या ब्रशने खड्डे उकरा. भरपूर गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवा, दर वेळी ब्रश मारून. बोअरचं खारं पाणी नको. मग उन्हात किंवा हीट गनने खडखडीत वाळवा. तास-दोन तासांत पत्र्यावर पुन्हा नारिंगी झाक आली तर मीठ अजून आहे, पुन्हा धुवा. गंज मारायचं फॉस्फरिक आम्लाचं औषध वापरलंत तर तेही धुऊन काढा, आम्लाच्या अंशावर इपॉक्सी नीट पकडत नाही. आणि पुढे गोणीखाली जाड प्लास्टिकचा कागद घाला, तो कोणत्याही कोटिंगपेक्षा स्वस्त.

प्रश्न : मे महिन्यात गाडीत पाय भाजतात. फॉइलचे बिटुमेन शीट लावले तर डांबराचा वास येतो. दुसरं काय लावावं?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : तुमच्याकडचा मे म्हणजे बिटुमेनची परीक्षाच! तुम्ही लावलेली बहुधा गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची बिटुमेन पट्टी असावी. ती आणि गाडीचा ब्युटाइल (कृत्रिम रबराचा) शीट दिसायला सारखेच. खात्री करायची तर तुकडा पत्र्यावर चिकटवून भर दुपारी गच्चीवर उभा ठेवा, बिटुमेन घसरतं. पण ब्युटाइलही उष्णतेसाठी नाही, पत्र्याची थरथर मारण्यासाठी आहे. दोन मिलिमीटरचा शीट सपाट भागाच्या पाव ते एक तृतीयांश जागेवर पुरतो. सगळं झाकलंत तर चौरस मीटरला तीन किलो वजन वाढेल, फायदा तितका नाही.

पाय भाजतात ते बहुधा इंजिनकडच्या पत्र्यामुळे आणि सायलेन्सरमुळे. आधी पेडल, वायरिंग आणि स्टिअरिंगच्या भोकांची रबरं तपासा, गरम हवा तिथूनच येते. नंतर ब्युटाइलवर पाच-सहा मिलिमीटरचा बंद छिद्रांचा फोम टाका. फोम ओळखायला तुकडा रात्रभर पाण्यात दाबून ठेवा, सकाळी पुसून पिळा. पाणी गळलं तर तो स्पंज आहे, परत करा. ओला स्पंज किंवा नमदा फ्लोअरवर म्हणजे गंजाला अंथरूणच. चमकदार फॉइल दोन थरांत दाबलं की निकामी ठरतं, समोर मोकळी हवा असेल तरच ते उष्णता परतवतं. म्हणून ते गाडीखाली, सायलेन्सरच्या वर, पत्र्यापासून अर्धा इंच सोडून पट्टीसारखं लावा.

प्रश्न : खालून मारलेलं जुनं काळं कोटिंग काढावं का? आणि हे काम पावसाळ्यात चालेल का?
— एक वाचक, शहादा

उत्तर : जिथे बोटाने उचकतं किंवा ठोकल्यावर पोकळ वाजतं, तिथलं काढाच. घट्ट बसलेलं राहू द्या. मात्र इपॉक्सी उघड्या पत्र्यावरच लावा, डांबरावर नाही. खालच्या इपॉक्सीवर दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग द्या, खडे आणि ऊन तो झेलतो. फवारणार असाल तर वाफेचा फिल्टर असलेला मास्क हवा, कापडी रुमाल किंवा धुळीचा मास्क आयसोसायनेट (या रंगाच्या हार्डनरमधलं घातक रसायन) अडवत नाही. ब्रेकच्या रबरी नळ्या, हँडब्रेकची केबल आणि सायलेन्सर कागदाने झाका.

पावसाळ्यात नको. काळी माती चाकांच्या कमानीत आणि चॅनेलच्या वळचणीत चिखल होऊन बसते आणि आठवडाभर ओली राहते. ती पाण्याच्या जोराने काढल्यावरही सांधे वाळायला दिवस लागतात. दसरा ते होळी हा काळ घ्या. सकाळी पत्र्यावर दव असतं, ते उडून पत्रा कोमट झाल्यावर, साधारण अकरानंतर काम धरा. मेमध्येच करणं भाग असेल तर उलट, भल्या पहाटे करा. तापलेल्या पत्र्यावर थिनर आधी उडून जातं आणि रंगात सुईची भोकं राहतात.