ताईंना विचारा: शुगरचं काउन्सेलिंग चालू ठेवू का?

प्रश्न: ताई, मी भांडुपला राहते, बाळ चार महिन्यांचं आहे. सातव्या महिन्यात शुगर निघाली, शेवटी इन्सुलिन घ्यावं लागलं, डिलिव्हरीनंतर नॉर्मल आली म्हणून घरात सगळे विसरले. आता दर बुधवारी ऑनलाइन काउन्सेलिंग असतं. ती मुलगी ओट्स आणि सॅलड सांगते, इकडे सासूबाई डिंकाचे लाडू हातात देतात, आणि वजन विचारलं की मला रडूच येतं. सोडून देऊ का?

उत्तर: अगं, सोडू नकोस. आधी रडू येतं त्याचं बोलू. गरोदरपणात वारेतून जी हार्मोन्स येतात त्यांच्यामुळे इन्सुलिनचं काम नीट होत नाही, म्हणून शुगर वाढते, तू गोड जास्त खाल्लंस म्हणून नाही. हे तिला सरळ सांग, की वजनाचा आकडा आधी विचारू नका, माझी झोप किती झाली ते विचारा.

मला अशी पत्रं खूप येतात. बाळाला घेऊन ट्रेनने ओपीडी गाठायची नाही, फोन पिठाच्या डब्याला टेकवून बाळाला पाजत बोलता येतं, हे बायकांना फार आवडतं. पण समोरची व्यक्ती आपलं घर न बघता छापील यादी वाचते तेव्हा त्या कंटाळतात, आणि मला ते पटतं. म्हणून पुढच्या बुधवारी लाडू कॅमेऱ्यासमोर धर, यात गूळ किती, तूप किती ते सांग आणि विचार की एवढा लाडू रोज खाल्ला तर भाकरी किती कमी करू. सासूबाईंनाही शेजारी बसव, त्यांना कोणी नीट समजावलेलंच नसतं. अंगावरचं दूध चालू ठेव, त्यानेही पुढचा डायबिटीसचा धोका कमी होतो, आणि जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं गॅलरीत फेऱ्या मारल्यास तरी पुरे, जिम नको.

आता माझी खरी काळजी. डिलिव्हरीनंतर 6 ते 12 आठवड्यांत 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त तपासतात, ती टेस्ट केलीस का? पत्रात काहीच नाही. हॉस्पिटलमध्ये लगेच नॉर्मल आलेली शुगर म्हणजे ही टेस्ट नव्हे. गरोदरपणात शुगर झालेल्या बायकांना पुढे डायबिटीस होण्याचा धोका बाकीच्यांपेक्षा कितीतरी पट जास्त असतो, म्हणून रिपोर्ट चांगला आला तरी दर 1 ते 3 वर्षांनी तपासायचंच. दोन तासांनंतरचा आकडा 140 किंवा वर आला तर काउन्सेलरकडे नाही, आधी डॉक्टरकडे जा.

उशीर झाला असला तरी याच आठवड्यात कर. उपाशीपोटी जायचं आणि दोन तास लॅबमध्येच बसायचं, मधे काही खाता येत नाही, तेव्हा निघताना बाळाला पोटभर पाज आणि सासूबाईंना सोबत घे.